पत्र्याची भट्टी खुडूक बसली

मित्रांनो, मला जुनी म्हणा, मला राग नाही. भंगार म्हटलंत तर मात्र माझ्या दाराची कडी तुमच्या बोटावर पडेल. मी एक पत्र्याची भट्टी आहे. जबलपुरात, घमापुरच्या एका घरात, कुसुमबाईंच्या राज्यात माझा जन्म गेला. तुपाच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा कापून मला घडवलं. माझ्या आतल्या भिंतीवर अजून चार छापील अक्षरं आहेत, तीही उलटी. तेवढंच माझं शिक्षण. तरी मी जे पाहिलं, ते त्या शिकलेल्या भट्ट्यांनी, म्हणजे काचेच्या दाराच्या, आत दिवा लागणाऱ्या आणि काम झालं की टिंग करणाऱ्या भट्ट्यांनी पाहिलेलं नाही. म्हणून सांगते. नीट बसा.

कुसुमबाई भंडाऱ्याकडच्या. लग्न होऊन छोट्या लाइनीच्या गाडीनं आल्या, तेव्हा त्यांच्या मांडीवर एक टोपली होती आणि टोपलीत माहेरची काबरी कोंबडी. घरात पहिलं पाऊल त्या कोंबडीनं टाकलं, मग नवरीनं. नवरा लक्ष्मणराव, फॅक्टरीत कामाला, स्वभावानं गरीब. घरामागं मोकळी जागा होती. तिला आमच्याकडं सांदवाडी म्हणतात. तिथं खुराडं उभं राहिलं, आणि दोन-तीन वर्षांत अंडी इतकी होऊ लागली की रस्सा खाऊन खाऊन लक्ष्मणराव म्हणाले, "कुसुम, आता मीच कुकूचकू करीन."

त्या डिसेंबरात कुसुमबाई सिविल लाइंसच्या एका बंगल्यावर अंडी द्यायला गेल्या. तिथल्या म्हाताऱ्या मॅडमच्या स्वयंपाकघरात कोळशाच्या शेगडीवर एक पत्र्याची पेटी ठेवलेली होती. खानसाम्यानं तिचं दार उघडलं आणि आतून फुगलेला, सोनेरी, वाफाळता केक बाहेर आला. कुसुमबाई जागच्या जागी उभ्या. दुसरीपर्यंत शाळा झालेली. कृती विचारायची तर अभिमान आडवा. मग काय, डोळ्यांनीच सगळं उचललं, आणि परतीच्या वाटेवर घमापुरच्या पत्रेवाल्याच्या दुकानात जाऊन हातवाऱ्यांनी माप सांगितलं. एवढी उंच, एवढी रुंद, पुढं दार, आत जाळी, वर चारी बाजूंनी काठ, म्हणजे निखारे घरंगळायला नकोत.

पत्रेवाला म्हणाला, "बाई, ये तिजोरी है कि मुर्गी का दड़बा?"

"तेरे बाप ने नहीं देखा, वो है," कुसुमबाई म्हणाल्या. "चलो, हात चलाओ."

माझी जीभ तिखट आहे असं तुम्हाला वाटत असेल तर ती कुठून आली, हे आता कळलं असेल.

पहिला केक वरून कोळसा आणि आतून पिठलं निघाला. तो कोंबड्यांनी खाल्ला. पण बाई हटल्या नाहीत. माझ्या तळाशी त्यांनी नर्मदेची वाळू पसरली, म्हणजे आच सगळीकडं सारखी बसावी. मग चिमूटभर मैदा आत टाकून बघायच्या. मैदा लगेच काळा पडला तर निखारे काढायचे, पांढरा राहिला तर वाढवायचे, बदामी झाला की केक आत. अंड्यांची परीक्षा पाण्यात. बुडालं ते ताजं, तरंगलं ते जुनं, तरंगणारं उकिरड्यावर. असे आमचे दोन कायदे होते आणि ते कधी मोडले नाहीत.

माझ्या हातून, म्हणजे माझ्या पोटातून, किती केक निघाले म्हणून सांगू! दार उघडलं की गल्लीतली पोरं वासानं गोळा व्हायची. वैशाख पौर्णिमेला विहारात वंदना झाली की कुसुमबाईंचा केक कापायचा, हे ठरूनच गेलं होतं. बायका विचारायच्या, "कुसुमबाई, इतका हलका कसा होते वं?" बाई उत्तर द्यायच्या, "घरची अंडी, घरची भट्टी, अन् माझा हात. तीनही उसने भेटत नाहीत." मी तेव्हा शेगडीवर तापलेली असे, त्यामुळं लाजले तरी कुणाला कळत नसे.

खरं सांगायचं तर मला गर्व झाला होता. अंडं म्हणजे काय? केक फुगवायचं सामान. फोडा, फेटा, माझ्यात घाला, पुढचं मी बघते. याहून वेगळं काही अंड्यात असेल, असं माझ्या मनातही आलं नाही.

मग मुलाचं, ललितचं, लग्न झालं. तो रेल्वेत, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. सून एकता विजय नगरची. तिनं बेकिंगचा क्लास केलेला, आणि तिच्यामागून विजेची भट्टी आली. मी सांदवाडीत गेले. माझ्यात आधी झाडू ठेवले, मग गोवऱ्या, मग एक पाल स्वतःहून राहायला आली. पावसाळ्यात माझा तळ गंजला. आतून टिंग ऐकू आलं की मी मनात म्हणायची, वाजव बाई वाजव, तुझे दिवस आहेत.

सांदवाडीत एक सोबत मात्र होती. कोंबड्याही बदलल्या होत्या. नव्या सुधारित जातीच्या आणलेल्या. अंडी पुष्कळ देत, पण त्यांवर बसायचं त्यांना ठाऊकच नाही. अंडं टाकलं की चालल्या. खुडूक बसणारी, म्हणजे पिसं फुगवून अंड्यांवर ठाण मांडणारी, एकच उरली होती. काबरी. माहेरच्या त्या पहिल्या कोंबडीच्या वेलातली ती शेवटची. मागच्या साथीत तिच्या सगळ्या बहिणी मान टाकून गेल्या होत्या. या उन्हाळ्यात ती खुडूक बसली तेव्हा कुसुमबाईंनी तिच्याखालच्या प्रत्येक अंड्यावर कोळशाचा ठिपका दिला. दुसऱ्या कोंबड्या तिच्या टोपलीत घुसून आपली अंडी टाकून जात. ठिपका नसलेली रोज उचलून केकसाठी घ्यायची, अशी रीत. संध्याकाळी बाई तिच्यासमोर उकिडव्या बसत आणि म्हणत, "माहेर सांभाळून ठेव वं बाई."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मोहल्ल्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला. पंखे बंद, विजेची भट्टी मुकी. विजेवाले म्हणाले, आठवडा लागेल. एकताचा चेहरा उतरला, कारण विहाराच्या केकचं सामान आणून ठेवलेलं. कुसुमबाई मात्र अशा उठल्या, जणू हीच वाट बघत होत्या. मला ओढून काढलं, पाल हाकलली, घासलं, तेल लावलं, ताजी वाळू घातली आणि शेगडीवर चढवलं.

"आता बघ, खरी भट्टी कशी भाजते," त्या सुनेला म्हणाल्या. "मी विहारात झाडझूड करून येतो. तू अंडी तपासून केकचा घोळ फेटून ठेव. अन् मैदा टाकून आच पाह्यजो, मोबाइल पाहू नको."

दुपार रणरणत होती. लक्ष्मणराव व्हरांड्यात डुलकी घेत होते. मी इतक्या वर्षांनी तापत होते, सुखात होते. तेवढ्यात खुराड्यात एकच कालवा उठला. भिंतीच्या भोकातून मुंगूस शिरलं होतं. एकता झाडू घेऊन धावली, तिनं ते हाकललंही, पण काबरी अंड्यांवरून उठली नव्हती. उठली असती तर वाचली असती. बाकीच्या सगळ्या छपरावर जाऊन ओरडत होत्या आणि ही एकटी टोपलीत मान मोडून पडली होती. पंख तसेच पसरलेले.

मित्रांनो, एकता रडली. पण ती केक करणारी पोरगी. रक्तानं माखलेली अंडी तिनं टोपलीसकट उचलली आणि सवयीनं नळाखाली धुऊन काढली, सगळीच्या सगळी. कोळशाचे ठिपके पाण्याबरोबर वाहून गेले. ठिपक्यांची आणि बिनठिपक्यांची अंडी एक झाली. मग सासूनं शिकवलेला कायदा तिला आठवला. टाकीतलं पाणी उन्हानं कोमट झालेलं. ते घमेल्यात घेऊन तिनं त्यात अंडी सोडली. काही बुडाली, ती काढून घोळात फोडली. काही तरंगत राहिली.

तिची मुलगी यशोधरा दारात उभी होती. तिला एकता म्हणाली, "यशू, ही खराब आहेत बेटा. फेकून ये."

त्याच वेळी कुसुमबाई परत आल्या. त्यांनी आधी काबरीला पाहिलं. मी त्यांना सासऱ्याच्या मयतीत पाहिलं आहे, साथीत पाहिलं आहे. त्यांचं तोंड कधी बंद झालं नव्हतं. आज झालं. त्या खुराड्याशी बसल्या. पदरानं काबरीला झाकलं. मग विचारलं, "अन् अंडी?"

"आईजी, चांगली होती ती घोळात घेतली. तरंगणारी यशू फेकायला…"

"काहून वं?" आवाज एकदम चढला. "काहून फेकून राहिली? माझं माहेर उकिरड्यावर टाकून राहिली तू!"

"तुम्हीच तर सांगितलं होतं, तरंगलं ते फेकायचं. आणि आईजी, त्यांची आईच मेली. आता ती अंडी काय कामाची?"

बाईंच्या ओठावर शब्द आला होता, पण तो बाहेर पडायच्या आत यशोधरा ओरडली.

"आजी! देख ना, ये हिल रहा है!"

"तू हात लावला असंल."

"मैंने नहीं छुआ, सच्ची!"

सगळे घमेल्याभोवती वाकले. लक्ष्मणरावही चष्मा शोधत आले. पाणी अगदी स्थिर होतं. त्यावर ती अंडी डोकी वर काढून उभी होती. मग त्यातलं एक जरासं डोललं. आपलं आपण. त्याच्याभोवती एक बारीक वर्तुळ उमटलं आणि घमेल्याच्या कडेपर्यंत गेलं. मग दुसरं डोललं. मग पहिलं पुन्हा.

कुसुमबाईंनी आयुष्यभर कोंबड्या पाळल्या, पण हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडं नेहमी कोंबडी होती. अंड्याच्या आत काय चाललंय ते तिचं ती बघायची. जुनं अंडं आत हवा वाढून तरंगतं, तसंच उबत आलेलंही तरंगतं, एवढं आमच्या कायद्यात नव्हतं. आणि मी? मी शेगडीवर धगधगत होते, मैदा बदामी करायच्या बेतात होते, आणि माझ्या पत्र्यावर काटा आला. ज्यांना आम्ही इतकी वर्षं केक फुगवायचं सामान म्हणत होतो, त्यांच्यात आतून कुणीतरी हात-पाय हलवत होतं. उकिरड्याच्या वाटेवर असताना.

"जिवंत आहेत," लक्ष्मणराव हळूच म्हणाले, जसं काही मोठ्यानं बोललं तर थांबतील. "खोक्यात बल्ब लावून ठेवा."

"बल्बाले लाइट पाहिजे न जी!" कुसुमबाई भानावर आल्या. "ते नव्या कोंबड्या तर टोपलीकडं पाहत बी नाहीत. आता दुपारचं ऊन आहे, ठीक आहे. पहाटं गारवा सुटला की संपलं."

एकतानं पदरानं अंडी पुसून ओटीत घेतली होती. ती घाबरत म्हणाली, "आईजी, भट्टी."

"काय भट्टी?"

"हिच्यात वाळू आहे. निखारे काढले तर वाळू हळूहळू निवते. बराच वेळ ऊब राहील."

"पोरी, तिच्यात केक भाजतात. जीव नाही ठेवत."

मलाही तेच वाटलं. मित्रांनो, खरं सांगते, मी भ्याले. मला तापायचं ठाऊक होतं. धगीचा मला अभिमान होता. कोमट राहणं हे माझ्या लेखी आळशी भट्टीचं लक्षण. जरा चूक झाली तर हे जीव माझ्यातच उकडून निघतील, मग मी कुणाला तोंड दाखवू?

आणि दुसरंही होतं. घोळ तयार होता. अंडी आत ठेवली तर केक नाही, आणि आधी केक भाजला तर वाळू वेळेवर निवायची नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वैशाख पौर्णिमेला कुसुमबाईंच्या घरचा केक विहारात जाणार नव्हता. बाईंनी एकदा घोळाकडं पाहिलं, एकदा सुनेच्या ओटीकडं. मग चिमटा उचलला आणि माझ्या डोक्यावरचे निखारे एकेक करून खाली काढले. शेगडी रिकामी केली. दार उघडं टाकून मला निववलं. वाळूत हात घालून घालून बघत राहिल्या. शेवटी अंडं उचलून आपल्या मिटलेल्या पापणीला लावलं आणि दुसऱ्या पापणीला वाळूनं गरम झालेला तळवा.

"मले वाटते, बरोबर आहे. पण कोंबडीच्या पोटाले किती ऊब असते, कोणाले माहीत!"

एकता आत गेली आणि यशोधराचा ताप मोजायचा थर्मामीटर घेऊन आली. माझ्यात ठेवला. यशोधरा रडत होती ती खुदकन हसली. "मम्मी भट्टी का बुखार नाप रही है!"

"हसू नको," आजी म्हणाली. "विचार तिले, किती आहे."

मला ताप निघाला नाही. तुमच्या अंगाइतकी ऊब निघाली. तेवढी पुरे, असं ठरलं. जुन्या सुती लुगड्याची घडी वाळूवर घालून त्यांनी अंडी माझ्या पोटात ठेवली. एकतानं एका वाटीत पाणीही ठेवलं. ब्रेड भाजताना ती असंच करते, म्हणजे वरचं कवच कडक होत नाही. बाईंनी ओठ मुडपून पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू दे. तुझा तो क्लास कुठं तरी कामाले आला."

घोळाची मग तव्यावर धिरडी झाली. गोड, जाड, मऊ धिरडी. पौर्णिमेला कुसुमबाई त्यांची चळत डोक्यावर घेऊन विहारात गेल्या. तिथं विभावरीबाई म्हणून आहेत, ज्यांचा केक आजवर कुणी मागितला नव्हता. त्यांनी विचारलंच, "काहून कुसुमबाई, यंदा केक बसला वाटते?"

"केक नाही, भट्टी बसली," आमच्या बाई म्हणाल्या. "आमची भट्टी खुडूक बसली हाय. तिले आता काम सांगत नसतात."

सगळा विहार हसला. पण धिरडी एक उरली नाही.

आणि मी बसले हो, खरोखर बसले. दुपारी निखारा लागतच नसे. जबलपूरचा वैशाख पुरे होता. संध्याकाळी नि पहाटे मूठभर निखारे राखेत पुरून माझ्याखाली ठेवायचे, काडी अडकवून दार किंचित उघडं ठेवायचं. एकता अंडी हलक्या हातानं उलटून ठेवायची. मी माझी सगळी जुनी धग विसरायचा प्रयत्न करत होते. तापणं सोपं असतं, मित्रांनो. निखारे घाला, कुणीही तापेल. एकसारखं कोमट राहणं फार अवघड. एका काळ्या, गंजक्या, उद्धट पत्र्याला ते जमलं, हे माझं मलाच अजून खरं वाटत नाही.

मग एका सकाळी माझ्या आत टकटक झाली. मला वाटलं, पत्र्याला कुठं तडा गेला. पुन्हा टकटक. मग अगदी बारीक चिव. अंडं अजून फुटलं नव्हतं आणि आतून आवाज येत होता! बाहेरून एकता चहाचा कप तसाच ठेवून धावली. सगळे माझ्या दारासमोर जमिनीवर बसले. कवचाला एक लहानशी चीर गेली, तिच्यातून सुईच्या टोकाएवढी चोच दिसली, आणि मग ती थांबली. थांबूनच राहिली.

"थकला वाटते. मी काढतो बाहेर," म्हणत कुसुमबाईंनी हात घातला. एकतानं तो हात धरला. सासूचा हात धरायची त्या घरात ही पहिलीच वेळ.

"नको आईजी. त्याला त्याचं करू द्या."

मी म्हटलं, आता स्फोट. पण बाईंनी हात मागं घेतला, मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं दाबून धरला. जिनं आयुष्यात कुठल्याच कामाला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही, ती बाई एका चिमुकल्या चोचीची वाट पाहत बसून राहिली. ऊन पायरी चढून व्हरांड्यात आलं तेव्हा कुठं ते कवच मधोमध उकललं. ओलं, वाकडंतिकडं, डोळे मिटलेलं काहीतरी माझ्या लुगड्यावर लवंडलं आणि धापा टाकू लागलं. माझ्यातून आजवर पुष्कळ गोष्टी फुगून, सोनेरी होऊन बाहेर आल्या आहेत. हे पहिल्यांदाच श्वास घेत होतं. ते वाळलं तेव्हा त्याच्या पाठीवर काबरे पट्टे उमटले. लक्ष्मणरावांनी नकळत हात जोडले. कुसुमबाई रडत होत्या आणि रडताना यशोधराला रागावत होत्या, "रडून काहून राहिली वं? अपशकून!"

सगळी अंडी उबली नाहीत. जी उबली नाहीत, ती बाईंनी पेरूच्या झाडाखाली काबरीजवळ पुरली. पण चार पिल्लं निघाली, चारही काबरी.

पिल्लांना माझ्यातून बाहेर काढून फरशीवर सोडलं तेव्हा कुसुमबाई दाणे घेऊन बसल्या, "या, आजीजवळ या." पिल्लांनी त्यांच्याकडं पाहिलंही नाही. गेले कित्येक दिवस रोज दार उघडून ज्या हातानं त्यांना उलटवलं होतं, ज्या आवाजानं त्यांच्याशी हळू बोललं होतं, त्यामागं ती धावली. एकता ओट्याकडं गेली, चारही तिकडं. एकता नळाकडं, चारही नळाकडं. बिचारी पाय उचलायलाही घाबरू लागली.

"आईजी, ही माझ्याच मागं येतात हो!"

बाईंच्या तोंडावर क्षणभर हेवा आला. मी पाहिला. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि जन्मात पहिल्यांदा सुनेसाठी वाटेतला पाट स्वतः उचलून बाजूला ठेवला.

"येणारच न," त्या म्हणाल्या. "पाहून पाय टाकत जा आता. माय झाली तू त्यांची. अन् माझं माहेर तुझ्या पायाशी आहे, ध्यानात ठेव."

वीज आली, टिंग पुन्हा वाजू लागलं. पण मला सांदवाडीत परत नेलं नाही. मी आता व्हरांड्यात असते. केकही भाजते, तो माझा धंदा आहे. अंडी अजून माझ्यासमोर फुटतात. फक्त आता प्रत्येक अंड्याकडं मी जरा आदरानं बघते.

तर मित्रांनो, विनवणी करायची मला सवय नाही, हक्कानं सांगते. घरात कुणी जुनी, काळी, तोंडाची फटकळ असेल तर तिच्याकडून वर्षानुवर्षं तेच ते काम मागू नका. एखादं नवं मागून बघा. ती आधी भिईल, मग कुरकुरेल, मग करील. आणि काम झालं की तिला ओली तशीच कोपऱ्यात लोटू नका. कोरडं पुसा, तेलाचं बोट फिरवा आणि दार थोडं उघडं ठेवा. आत कोण जन्माला येईल, सांगता येत नाही.